रविवारचे भुंगेरे

भुंगेरे ओळखण्यात माझा हात धरणारं या शहरात कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते. आयुष्यभर संग्रहालयाच्या कीटक विभागात खुर्ची झिजवली ती काही उगाच नाही! जुळे भाऊ वाटावेत असे दोन भुंगेरे माझ्यासमोर ठेवा. एकाच्या मिशीचं टोक बघेन, दुसऱ्याच्या हनुवटीखाली डोकावेन आणि कोण कुठल्या घराण्यातला ते ठणकावून सांगेन. माणसांचं मात्र मला फारसं जमत नाही. इमारतीतल्या लोकांना मी कित्येक वर्षं चपलांवरूनच ओळखत आले, कारण जिन्यात समोरून कुणी आलं की मान खाली घालायची माझी सवय.

निवृत्त झाले तेव्हा संग्रहालयाने मला माझाच जुना सूक्ष्मदर्शक भेट दिला. तो मोडीतच काढायचा होता म्हणा, पण भेट ती भेट! मी तो खिडकीपाशी टेबलावर मांडला, भिंगं पुसली, दिवा लावला, आणि मग लक्षात आलं की घरात बघण्यासारखं काहीच नाही. लग्न मी केलं नाही. बहिणीची मुलगी लांब राहते, ती आठवणीने फोन करते.

"मावशी, जेवलीस का?"

"जेवले."

"बरं, ठेवते मग."

झालं, दिवस संपला! दाराची बेल वाजायची ती फक्त समोरचे घरी नसले तर. पार्सलवाला विचारायचा, "हे तुमच्याकडे ठेवू का?" मग मी त्याला आधी पाणी, मग चहा, मग पंखा, मग बसायला उशी असं काही धरून ठेवायचे, की पुढेपुढे तो पार्सल समोरच्या दाराला टेकवून चक्क पळून जायला लागला. मला फार वाईट वाटायचं. पण सांगणार कुणाला?

अशा दिवसांत एकदा सकाळी बेल वाजली आणि दारात साक्षात समोरची उभी! हातात उपडा ग्लास, खाली पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, आणि ग्लासच्या आत तिळाएवढा तांबूस ठिपका.

"मावशी, तुम्ही किड्यांमध्ये होतात ना?"

"किड्यांमध्ये नाही, कीटक विभागात! ये, आत ये. बस ना."

"हा माझ्या ओट्यावर सापडला. चावतो का?"

गुपचूप चष्मा लावला, चिमट्याने त्या जिवाला उचललं आणि भिंगाखाली घेतलं. अहाहा! कित्येक महिन्यांनी कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं. पिठात होणारे भुंगेरे दोन असतात. रंग तोच, अंगकाठी तीच, चालही तीच. एक तांबडा. दुसऱ्याला शास्त्रज्ञांनी नावच गोंधळात टाकणारा अशा अर्थाचं दिलंय, मी लाडाने त्याला गोंधळ्या म्हणते. तांबड्याच्या मिशीचे शेवटचे तीन मणी एकदम जाड होतात, गोंधळ्याची मिशी मात्र टोकाकडे हळूहळू रुंद होत जाते. उताणं करून बघितलं तर तांबड्याचे डोळे जवळजवळ, गोंधळ्याचे ऐसपैस लांब. मी मिशा मोजल्या, उताणा केला, डोळे पाहिले, परत मिशा पाहिल्या. समोरचीने बिचारीने तोवर तीनदा घड्याळ बघितलं होतं.

"तांबडा!" मी जाहीर केलं. "चावत नाही. पण पीठ खातो. आणि हा उडतो बरं का! दुसरा पंख असून उडत नाही, हा मात्र उबेत मस्त उडतो. कुठेतरी पिठाचा साठा असेल तिथून आलाय."

"म्हणजे खालच्या बेकरीतून?"

"असेलही," मी म्हणाले. खरं तर त्या क्षणी मी तिच्यासाठी कपबशा शोधत होते.

संध्याकाळपर्यंत 'असेलही' मधलं 'ही' जिन्यावर कुठेतरी सांडलं आणि सगळ्या इमारतीत बोभाटा झाला की बेकरीतून किडे येतात, मावशींनी यंत्राखाली बघून सांगितलंय!

लगेच सेक्रेटरी वर आले. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे मोठं प्रस्थ. बेकरीचा गाळा इमारतीच्या मालकीचा, आणि तो आपल्या मेहुण्याला मोबाइलचं दुकान टाकायला मिळावा म्हणून हे गृहस्थ केव्हापासून टपलेले.

"मावशी, तुम्ही तज्ज्ञ! तुमचा एक शब्द पुरे. सांगा बेकरीचेच म्हणून, मी पुढचं बघतो."

बेकरीवाल्याशी माझं वैर नव्हतं हो! उलट दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारा तो एकटाच. "मावशी, आज ब्रेड कडक भाजलाय, तुमच्यासारखा!" असं काहीतरी रोज असायचं. त्यामुळे मी ताठ बसून म्हणाले, "एका भुंगेऱ्यावरून शास्त्रात काही ठरत नसतं. नमुने लागतील. प्रत्येक घरातून! मी डब्या देते. दर रविवारी इथे आणून दाखवायच्या."

बघा हं, शास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नव्हती. पण 'इथे' हा शब्द उच्चारताना माझ्या पोटात जे गुदगुल्या झाल्यासारखं झालं, त्याचा शास्त्राशी काही संबंध नव्हता.

संग्रहालयातल्या जुन्या काचेच्या झाकणांच्या डब्या माझ्याकडे पडून होत्या. मी त्या धुतल्या, पुसल्या, आणि प्रत्येकीत आमिष म्हणून चिमूटभर पीठ टाकलं. आमची कामाची पद्धतच तशी. भुंगेरा वासाने येतो, पिठात रमतो, आणि नमुना जिवंत हाती लागतो. स्वतः दारोदार जाऊन डब्या वाटल्या! ज्या लोकांच्या फक्त चपला ओळखत होते त्यांचे चेहरे पहिल्यांदा धड पाहिले. "स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवा. झाकण उघडंच असू द्या. आणि रविवारपर्यंत हलवू नका!"

पहिल्या रविवारी डब्या रिकाम्या निघाल्या, पण माझं घर भरलं! समोरची आली, सेक्रेटरी आले, दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले, त्यांच्या मागून त्यांची आई आली. खुर्च्या पुरेनात तेव्हा मी पुस्तकांचे गठ्ठे मांडले. चहा केला. सोबत बिस्किटं बेकरीतलीच, दुसरी आणणार कुठून? ज्याच्या विरुद्ध तपास चालू त्याचीच बिस्किटं मंडळींनी ताटलीभर फस्त केली.

"खुसखुशीत आहेत हो!" सेक्रेटरी तोंड भरून म्हणाले.

मी तो समोरच्या घरातला तांबडा भिंगाखाली ठेवला आणि सगळ्यांना ओळीने दाखवला. दातांचे डॉक्टर बराच वेळ वाकून बघत होते. म्हणाले, "जबडा छान आहे. कीड नाही." सगळे हसले. मीही हसले, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना.

दुसऱ्या रविवारीही डब्या रिकाम्या. कुणीतरी म्हणालं, "मग संपलं का?" मी घाईघाईने म्हणाले, "छे छे, भुंगेऱ्याची पिढी तयार व्हायला महिना तरी लागतो. तपास अर्धवट सोडता येत नाही. डब्या तशाच राहू द्या." त्यापुढच्या रविवारी डॉक्टरांच्या आईने विणकाम आणलं. समोरचीने माझ्या खिडकीला पडदा हवा म्हणून सुचवलं. मी आठवडाभर रविवारची वाट बघायचे. केस नीट विंचरायला लागले. भाचीचा फोन आला तर "घाईत आहे गं, मंडळी यायचीत" असं म्हणून मीच आधी ठेवला! ती थोडी घाबरलीच असावी, कारण तिने लगेच परत केला.

आणि मग एका रविवारी समोरचीच्या डबीत अळी निघाली. पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या डबीत चार, सेक्रेटरींच्या डबीत एवढ्या की मोजवेनात. त्यापुढे तर भुंगेरेच! डब्यांत भुंगेरे, डब्यांशेजारच्या पिठात भुंगेरे, कुणाच्या रव्यात, कुणाच्या बिस्किटांत! ज्या घरांत कधी मुंगी दिसली नव्हती तिथे तांबूस मिरवणुका निघाल्या. भुंगेरे निघाले त्या रविवारी माझ्या घरात उभं राहायलाही जागा नव्हती.

"मावशी, बघा हे! तांबडाच ना?"

"मावशी, माझाही बघा!"

मी बघितलं का? बघितलं, वरवर. रंग तांबूस, आकार तिळाएवढा. भिंगात डोळा घालायचा म्हणजे खोलीकडे पाठ करायची. इकडे डॉक्टर एका पेशंटचा भन्नाट किस्सा सांगत होते, समोरचीने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि डॉक्टरांची आई म्हणत होती, "अहो, एवढी वर्षं एका जिन्यात राहून आपण आधी कशा नाही बोललो?" तुम्हीच सांगा, अशा वेळी मिशा कोण मोजत बसेल?

"तांबडाच!" मी सांगून मोकळी झाले. "सगळे तांबडे!"

सेक्रेटरींनी टाळीच वाजवली. तिथल्या तिथे ठरलं. पुढच्या रविवारी सगळ्यांनी माझ्याकडेच जमायचं, आणि बेकरीवाल्याला गाळा खाली करायला सांगायचं.

मधल्याच एका दुपारी बेकरीवाला वर आला. हात कोपरापर्यंत पांढरे. मी बस म्हटलं तरी बसला नाही.

"मावशी, माझ्या दुकानात किडे आहेत. खोटं कशाला बोलू? पिठाचं दुकान आहे, एखाददुसरा निघतो. मी पीठ चाळून घेतो, गोण्या लवकर संपवतो. पण माझ्याकडचा किडा आणि या लोकांच्या घरातला किडा एकच आहे, हे तुम्ही बघितलंत?"

"बघितलं की."

"नीट?"

मी त्याच्यासाठी चहा टाकायला उठले.

"तुम्ही सांगाल ते मी मानतो," त्याने कागदाची पुडी टेबलावर ठेवली. "हे माझ्या दुकानातले. एकदा बघा फक्त. भट्टी काही खांद्यावर टाकून नेता येत नाही हो! ती बांधून घ्यायला मला किती वर्षं लागली, तुम्हाला माहितीये."

तो गेला. मी चष्मा पुसून बसले. आधी त्याची पुडी उघडली. मिशीला शेवटचे तीन मणी जाड, डोळे जवळजवळ. तांबडा! दुसराही तांबडा. मग मी रविवारच्या डब्यांतून काढून ठेवलेले नमुने पुढे ओढले. डॉक्टरांचा भुंगेरा घेतला. मिशी... हळूहळू रुंद होत गेलेली. उताणा केला. डोळे लांब! सेक्रेटरींचा घेतला. गोंधळ्या. समोरचीचा घेतला, गोंधळ्या! तिसऱ्या मजल्यावरचा, पहिल्या मजल्यावरचा, सगळे एकजात गोंधळ्या! तांबडा फक्त एकच, तो अगदी पहिला, ग्लासातून आलेला. तो बिचारा खरंच बेकरीतून उडत आला असेल, त्याचं काम तिथेच संपलं होतं.

आता गोंधळ्या उडत नाही. मग तो एकाच वेळी प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक ओट्यावर, बरोबर पिठाच्या डब्याशेजारी पोचला कसा? कुणीतरी त्याला नेऊन ठेवला असणार. दारोदार जाऊन. धुतलेल्या, पुसलेल्या डबीत घालून. वर 'हलवू नका' असं बजावून!

मी स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरचा पिठाचा डबा उघडला. पीठ हलत होतं.

एकट्या बाईला पीठ लागतं किती हो? ब्रेड आणते, चहाबरोबर खाते, झालं माझं जेवण. ते पीठ कधी आणलं होतं ते मला आठवेना. आमिषासाठी त्यातलं चमच्याने काढलं तेव्हा माझा चष्मा सूक्ष्मदर्शकापाशी होता. चष्मा असता तरी अंडी कुठे दिसतात! ती पिठालाच चिकटलेली असतात. भुंगेऱ्यांवर आयुष्य काढलं आणि स्वतःच्या फळीवर त्यांची वसाहत पोसली! मी तिथेच फरशीवर बसले आणि हसायला लागले. मग हसू थांबलं.

कारण मला कळलं, की हे माझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. दोघांतला फरक या अख्ख्या इमारतीत कुणाला ओळखता येतो? गप्प बसले तर बेकरी जाईल, आणि रविवार राहील. बोलले तर बेकरी राहील, आणि रविवार... मला रविवार सोडवत नव्हता. लाज वाटायला हवी होती, पण त्याआधी भीती वाटली. इतकी वर्षं एकटी राहिले तेव्हा एकटेपणा नुसता होता. आता तो परत येणार होता, आणि आता मला माणसांची चव लागली होती.

मी भाचीला फोन केला.

"मावशी, जेवलीस का?"

"ते राहू दे. तुझ्याकडे रविवारी कुणी येतं का गं?"

"येतात की. मैत्रिणी येतात, शेजारचे येतात."

"भुंगेरे न दाखवता?"

"काय?"

"काही नाही. जेवले मी."

रविवारी सगळे जमले. बेकरीवाल्यालाही बोलावलं होतं, तो दाराशी उभा. सेक्रेटरी घसा साफ करायला लागले तेवढ्यात मी उठले आणि सांगून टाकलं, की भुंगेरे दोन जातींचे आहेत. बेकरीतला वेगळा, तुमच्या घरातला वेगळा. माझी चूक झाली!

"असं कसं?" सेक्रेटरी म्हणाले. "दाखवा."

मी दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. सेक्रेटरी वाकले, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन्ही मिटले. "सारखेच तर आहेत!"

"मिशी बघा ना, मिशी!"

"कुठली मिशी? मला माझ्याच पापण्या दिसतायत."

डॉक्टरांनी बघितलं. म्हणाले, "जबडे सारखेच आहेत." समोरचीने बघितलं आणि म्हणाली, "दोन्ही गोड आहेत." डॉक्टरांच्या आईने विणकामातून मान वर न करता सांगितलं, "अहो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचा स्वभाव मऊ, म्हणून त्याला वाचवताय."

"मऊ? माझा?" मी ओरडलेच!

"हे बघा मावशी," सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "मिशीच्या टोकावरून काय मोठा फरक पडतो? किडा तो किडा. बेकरी तर खालीच आहे! तेव्हा ठरल्याप्रमाणे..."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मिशीच्या टोकावरून काय फरक पडतो? मी त्या टोकावर आयुष्य घालवलंय! तरातरा आत गेले, पिठाचा डबा उचलून आणला आणि बिस्किटांच्या ताटलीशेजारी दणकन ठेवला.

"हा माझा डबा! डब्यांमधलं पीठ यातलं! तुमच्या घरात भुंगेरे मी आणले. बघा!"

झाकण निघेना. मी जोर लावला. निघेना. मग डबा छातीशी धरून सगळी ताकद लावली, आणि ते असं काही फटकन निघालं की डब्यातलं निम्मं पीठ हवेत गेलं आणि सरळ सेक्रेटरींवर येऊन बसलं! डोक्यापासून पोटापर्यंत पांढरेधोप गृहस्थ. मग ते पांढरं चालायला लागलं. कॉलरवरून, कानामागून, शर्टाच्या खिशातून!

समोरचीने किंकाळी फोडली. डॉक्टर खुर्चीवर चढले. त्यांची आई, जी गुडघ्यांमुळे एकेक पायरी मोजत जिना चढे, ती विणकाम टाकून सगळ्यांच्या आधी जिन्यात पोचली! सेक्रेटरी "पाणी! पाणी!" करत बाहेर धावले. मिनिटभरात खोलीत मी, पालथी पडलेली पुस्तकं आणि दारात बेकरीवाला.

तो काहीतरी बोलणार होता. मग त्याचं लक्ष जमिनीवर गेलं, आणि तोही दोन पावलं मागे सरकून खाली गेला.

बेकरी राहिली. मेहुण्याचं नाव परत कुणी काढलं नाही. सगळ्या इमारतीने आपापलं पीठ फेकलं, फळ्या धुतल्या, आणि माझ्या डब्या जिन्यात एका पिशवीत भरून माझ्या दाराशी ठेवल्या. घट्ट गाठ मारून! पुढच्या रविवारी मी सवयीने कपबशा मांडल्या. दुपारी परत उचलून ठेवल्या. जिन्यात मंडळी भेटतात, हसतात, पण भिंतीला अंग चोरून जातात.

मी बेकरीत गेले तर पायरीवर पाय ठेवण्याआधीच आतून आवाज आला, "मावशी, तिथेच थांबा!"

"का रे?"

"वाईट वाटून घेऊ नका. दुकान तुम्ही वाचवलंत, आता जरा मलाही वाचवू द्या. तुमच्या अंगावर एखादा असला तर? ब्रेड मी वर आणून देतो. रोज!"

आणि देतो हं, शब्दाचा पक्का आहे. सकाळी बेल वाजते. मी दारापर्यंत पोचते तोवर कडीला पिशवी लटकत असते आणि पावलं एक जिना खाली गेलेली असतात. मग मी गुडघ्यांना दोष देते आणि ब्रेड घेऊन आत येते.

काल मात्र मी बेल वाजायच्या आधीच दार उघडून उभी राहिले! तो पिशवी लटकवायला हात पुढे करून थबकला. मग चार पायऱ्या खाली उतरून, सुरक्षित अंतरावरून, त्याने खिशातून कागदाची पुडी काढली आणि हात लांब करून उघडून धरली.

"मावशी, आज सकाळी ब्रेडवर हे दिसलं. तांबडा की तो दुसरा?"

मी पाहिलं. करपलेला तीळ होता. दारातून, चष्म्याशिवाय, स्वच्छ दिसत होता.

"कठीण आहे," मी म्हणाले. "दोघं फार सारखे दिसतात रे. असं उभ्याउभ्या नाही सांगता येणार. रविवारी घेऊन ये."